रविवारचा वास

पट्टीचा शेवटचा थर सुटला तेव्हा लोसालीनेला एकदम रविवार आठवला. ड्रेसिंगच्या खोलीत शुश्रूषेच्या वर्गातल्या सगळ्या बायका खाटेभोवती दाटीवाटीनं उभ्या होत्या, अंगात सारखेच निळे अ‍ॅप्रन, केस जाळीत कोंबलेले. खाटेवरचा म्हातारा छताकडे बघत होता. पाय त्याचा नव्हताच, कुणीतरी तिथं विसरून गेलं होतं, असा त्याचा चेहरा. सिस्टर पाउलिनानं चिमट्यानं ती ओली पिवळट पट्टी ट्रेमध्ये टाकली आणि म्हणाली, "बघू नका. डोळे नंतर. आधी नाक काय सांगतंय ते बोला."  सगळ्यांत लहान होती ती पेलेनाइसे तोंडावर हात धरून म्हणाली, "सिस्टर, मी बाहेर जाऊ?" "जा. पण दाराच्या पलीकडे ओक, उंबऱ्यात नको. नाहीतर पुसायला तूच येशील." बायका हसल्या, म्हातारासुद्धा छताकडे बघत हसला. लोसालीने हसली नाही. तिला ओकारी येत नव्हती. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि त्याचीच तिला शिसारी आली. वास पिकून फुटलेल्या पपईसारखा गोड होता आणि त्या गोडाखाली बंद डब्यात राहिलेल्या मांसाचा. हा वास ती गेले कित्येक रविवार जेवणाबरोबर खात आली होती. चर्च सुटल्यावर भावाच्या पडवीत बसायचं, अळूच्या पानात नारळाचं दूध आणि खारं मांस बांधून जमिनीतल्या भट्टीत शिजवलेलं पुढ्यात यायचं, आणि पान उघडलं की वाफेबरोबर हाच वास वर यायचा. जीभ बिचारी नाकाचं ऐकून ताट वाढायची वाट बघत होती.

आणि तिनं काय ठरवलं होतं? भावजय गलिच्छ आहे, हे. भावाच्या, सेमिसीच्या, लग्नापासून तिला तसंच वाटत आलं होतं. आकानेसी बाहेरच्या बेटावरची, पाय फतकल मांडून बसणारी, मासळी साफ केलेल्या हातांनीच केस मागं सारणारी. त्या पडवीतला वास तिचाच असणार, डुकरांच्या खरकट्याचा, न धुतलेल्या चटयांचा, तिच्या त्या ढिम्म स्वभावाचा. लोसालीने घास गिळायची आणि मनात म्हणायची, कसं खातो माझा भाऊ हिच्या हातचं. एकदा तर तिनं ताटातलं मांस हळूच पानात गुंडाळून परत ठेवलं होतं, आणि आकानेसीनं ते पाहिलं होतं. आता त्या खोलीत उभं राहून तिला कळलं की वास स्वयंपाकाचा नव्हता. तो तिच्यासमोर, पडवीच्या दुसऱ्या टोकाला, खुर्चीत ताठ बसलेला असायचा. सेमिसीचा रविवारचा काळा कोट, गुडघ्याखाली जाणारं गुंडाळलेलं वस्त्र, त्यावर कमरेला मानाची चटई, आणि पायांत काळे चकचकीत बूट.

हे शिक्षण तिनं हौसेनं घेतलं नव्हतं. नवरा गेल्यावर चर्चच्या पाळकानं सांगितलं, हॉलमध्ये शुश्रूषेचा वर्ग निघतोय, कागद मिळाला तर न्यूझीलंडात, ऑकलंडच्या वृद्धाश्रमात काम मिळतं. ती गेली. लिहिता-वाचता तिला उशिराच यायला लागलं होतं, त्यामुळे अक्षरांची धास्ती होती. पण अक्षरं सोपी निघाली. अवघड होतं ते माणसाचं अंग. आधी हात धुणं शिकवलं, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या मुळाशी, आणि तेव्हा तिला वाटलं, एवढंच असेल तर ठीक. मग तोंडाची पाळी आली. दुसऱ्याच्या तोंडातून कवळी काढायची, ती लाळेच्या तारेसकट हातात येते, ऊबदार. मग मलपात्र. मग कूस बदलताना पाठीवरचं कातडं कसं सोलून चादरीला राहतं ते. नाडी बघायला शिकवली तेव्हा सगळ्या बायकांना आवडली, एकमेकींची मनगटं धरून त्या खिदळल्या, पण लोसालीनेला बोटाखाली ते आंधळं काहीतरी टुणटुणताना लागलं आणि तिनं हात अ‍ॅप्रनला पुसला. सिस्टर पाउलिना सांगायची, "किळस येणारच. मला अजून येते. पण ती चेहऱ्यावर आली की रोगी मेला. त्याला आरसा लागत नाही, तो तुमच्या तोंडात स्वतःला बघतो." बायका घरी आरशासमोर चेहरा सरळ ठेवायचा सराव करायच्या. लोसालीनेला त्या सरळ चेहऱ्यांचीही किळस यायची. वॉर्डात एका ओळीनं उभ्या राहिलेल्या त्या गोड, निर्विकार बायका, आणि आतून सगळ्यांच्या आतड्याला पीळ.

म्हाताऱ्याच्या पायाला नवी पट्टी बांधून झाल्यावर सिस्टर पाउलिना बेसिनपाशी बोलत राहिली. साखर वाढली की पायातल्या शिरा मुक्या होतात. खिळा रुतला तरी कळत नाही. बूट चावला तरी कळत नाही. "दुखतंय म्हणून आलेला माणूस वाचतो. दुखत नाही म्हणून घरी बसतो त्याचा पाय जातो, आणि पाय गेला की मागोमाग तो जातो. चार लोक म्हणतात देवाची इच्छा. देवाला काय, नावं ठेवून घ्यायची सवय झाली." बाकीच्या गेल्यावर लोसालीने थांबली. नळ चालूच ठेवून तिनं विचारलं, "आणि तो माणूस दाखवतच नसेल तर?"

"कोण माणूस?"

"आहे एक."

"नवरा तुझा गेला. मुलगा नाही." सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं. टोंगात वाढलेल्या बाईला ते सांगावं लागत नाही. "भाऊ?"

लोसालीनेनं हात पुन्हा नळाखाली धरले. भावाचं अंग हे शब्द उच्चारणंही तिला तोंडात घाण धरल्यासारखं वाटलं. सिस्टर पाउलिनानं नळ बंद केला. "मग तू काही बोलू नकोस. मी कुणाला तरी धाडते. सख्ख्या बहिणीनं भावाच्या पायाचं बोलायचं म्हणजे, बाई, मी ख्रिस्ती आहे पण मलासुद्धा ऐकवणार नाही."

बहीण वयात आली की भाऊ घरात झोपत नाही, हे तिथल्या कुणाला शिकवावं लागत नाही. सेमिसी तिच्याहून धाकटा. तो परसातल्या पोरांच्या खोपटात झोपायला गेला त्या दिवसापर्यंत दोघं खाजणातल्या चिखलात खेकडे धरत हिंडायची. एकदा खडकावर त्याच्या टाचेत समुद्री साळूचे काटे घुसले, काळे, कातडीत मोडलेले, आणि तो बोंबलायला लागला. मोठी माणसं करतात तसं तिनं केलं, त्याला वाळूत बसवून त्याच्या टाचेवर मुतली, आणि दोघं इतकी हसली की तो रडायचं विसरला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सगळं बंद झालं. एका छपराखाली झोपणं नाही, एका पानात जेवणं नाही, एकमेकांसमोर थट्टा नाही, अंगाचं बोलणं नाही. टीव्हीवर कुणी मुका घ्यायला लागलं की सेमिसी उठून बाहेर जायचा, डुकरं बघून येतो म्हणून. त्या घरातल्या डुकरांकडे जेवढं बघितलं गेलं तेवढं बेटावर कुठल्या डुकरांकडे बघितलं गेलं नसेल. बहीण वरची, भाऊ खालचा. तिच्या शब्दाबाहेर त्यानं जायचं नाही, तिला मखरात बसवायचं. बापाची बहीण म्हणून त्याच्याहून वरची असलेली आत्या मेली, आई-बाप मेले, चर्चमध्ये तो प्रवचन द्यायला लागला, पाळकसुद्धा त्याला दबकून असायचा. आता त्याला हुकूम करू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसानंच त्याच्या पायाचं नाव काढायचं नव्हतं. हे ती रोज मनात घोळवायची आणि तिला कुणीतरी तोंड बांधून पोटात बोळा कोंबल्यासारखं व्हायचं.

सिस्टरनं धाडलेली मुलगी जाऊन आली. सेमिसीनं तिला पडवीत बसवलं, शहाळं दिलं, तिच्या आजोबांची चौकशी केली, तिच्या शिक्षणासाठी प्रार्थना म्हटली. पाय? "ते म्हणाले, उत्तम आहेत. बूट घालून बसले होते, सिस्टर. एवढ्या मोठ्या माणसाला बूट काढा कसं म्हणू?" येताना तिला पपया दिल्या होत्या. त्या वर्गात कापल्या गेल्या. बायकांनी बिया थुंकत थुंकत खाल्ल्या, पेलेनाइसेनं बोटं चोखली. लोसालीनेनं फोड हातात धरली, तो पिवळा ओलसर गर पाहिला, आणि बाहेर जाऊन कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्यानं हुंगून सोडून दिली.

मग तिनं स्वतःच जायला सुरुवात केली. रविवारी नुसतं नाही, मधल्या वारीही, वर्ग सुटला की. तिला वाटलं, वारंवार गेलं की कधीतरी नजर पडेल, कधीतरी तो लंगडेल, आकानेसी काही बोलेल, आणि मग कुणा तिसऱ्याच्या तोंडून ते बाहेर पडेल. कधी पाव घेऊन, कधी मासळी घेऊन. ती कुंपणापासून आवाज द्यायची, कारण भावाच्या घरी बहीण न सांगता शिरत नाही. आतून धावपळ ऐकू यायची, खुर्ची सरकायची, मग आकानेसी दाराशी यायची, "या वन्सं." पडवीत तो बसलेला असायचा, कोट नाही पण सदरा गळ्यापर्यंत बंद, आणि पायांत बूट. कपाळावर घामाचे थेंब. तो तिच्याशी बोलायचा नाही, बायकोशी बोलायचा. "आकानेसी, वन्संना विचार, वर्ग कसा चाललाय." "बरा चाललाय म्हणावं." "छान म्हणावं. शिकणं चांगलं." आणि मधून मधून तो वास, वारा फिरला की, आणि त्याच्या भोवती तिघांनी मिळून धरलेला तो आदर. लोसालीनेला वाटायचं, वास पायाचा नाहीच, ह्या आदराचाच आहे. कधीतरी कुठल्यातरी पिढीत मेलेलं काहीतरी आपण धुऊन-पुसून, चटई गुंडाळून खुर्चीत बसवलंय आणि सगळे त्याला नमस्कार करतोय. माश्या बुटाच्या कडेवर बसायच्या. ती माश्यांकडे बघायची नाही. तिथं न बघणं हेच तिचं बघणं झालं होतं.

बाजारात मंगळवारी आकानेसी भेटली. अळूच्या जुड्यांमागे फतकल मांडून बसली होती. लोसालीने दिसताच उठून उभी राहिली, पण नेहमीसारखी खाली बघेना.

"वन्सं, एक मागते. रागावू नका."

"काय?"

"तुम्ही घरी येऊ नका."

लोसालीनेला वाटलं तिच्या थोबाडीत द्यावी. "माझ्या भावाच्या घरी?"

"तुमच्याच भावाच्या. तुम्ही नसता तेव्हा ते पाय उघडा ठेवून पडलेले असतात. चिंधी गुंडाळतात, खाली केळीचं पान घालतात. जरा सुकतो मग. तुमचा कुंपणाशी आवाज आला की बूट घालतात. बहिणीपुढे उघडा पाय नको म्हणतात. आधी रविवारचं होतं. आता तुम्ही रोजच यायला लागलात." तिचा आवाज चढला, शेजारचे पावट्याच्या ढिगाआडून बघायला लागले. "पाय सुजलाय, वन्सं. बुटात जात नाही. ढकलतात. तुम्ही गेलात की मी बूट काढते ना, तेव्हा त्याच्याबरोबर कातडं येतं. ते म्हणतात, दुखत नाही, दुखत नाही. मी काय करू? मी त्यांना सांगणारी कोण? तुम्ही पावाची लादी घेऊन येता आणि त्यांचा पाय खाऊन जाता!"

लोसालीने तिथून चालायला लागली. बाजारातून, बसथांब्यावरून, समुद्राच्या भिंतीकडेनं. तिला रडू आलं नाही.  तिनं आजवर ज्या ज्या गोष्टींची किळस केली होती, कवळ्या, मलपात्रं, आकानेसीचे हात, त्या सगळ्या आता स्वच्छ वाटत होत्या, धुऊन वाळत घातल्यासारख्या. घाण तिच्या येण्याला होती. कुंपणापासून दिलेल्या त्या मर्यादशील हाकेला होती. हाक द्यायची, भावाला सावरायला वेळ द्यायचा, एवढा सन्मान. त्या वेळात तो पाय कोंबत होता. आणि न जाणं? न गेली तर बूट निघेल, पण पाय तसाच पडवीत केळीच्या पानावर राहील, आणि एक दिवस चर्चची घंटा वाजेल आणि ती काळे कपडे घालून सगळ्यांत पुढे बसेल, कारण बहीण पुढे बसते.

ती वर्गात परत गेली. पिशवीत हातमोजे, मिठाच्या पाण्याची बाटली, स्वच्छ जाळीचं कापड भरलं. सिस्टर पाउलिनानं पाहिलं आणि म्हणाली, "काही कापू नकोस, काही ओढू नकोस. धू, सैल झाक, आणि उचलून इकडे आण."

ह्या वेळी तिनं कुंपणाशी हाक दिली नाही. डुकरांच्या वाड्याकडून, मागच्या बाजूनं शिरली. पण खरकट्यासाठी डुकरांनी गलका केला आणि सेमिसीनं मान वळवली. ती खांबाच्या आडून बघत राहिली. तो पडवीच्या फळीवर बसला होता, बनियनवर, म्हातारा दिसत होता. त्यानं घाईघाईनं मोजा ओढला, मोजा टणक झाला होता, मग बूट घेतला, आणि बूट जाईना म्हणून जेवणाच्या चमच्याचं टोक टाचेमागे घालून पाय आत लोटायला लागला. तोंडावर दुखण्याचं काही नव्हतं. नुसती घाई. पाहुणा दाराशी आला असताना बटण लागू नये तशी. चमचा वाकला. बुटाच्या कडेनं काहीतरी पातळ बाहेर आलं आणि फळीवर पडलं.

"बूट काढ, सेमिसी."

तिनं त्याला नावानं हाक मारली होती. वयात आल्यापासून पहिल्यांदा. तो थिजला. मग भिंतीकडे बघून म्हणाला, "आकानेसी, वन्सं उन्हातून आल्यात. पाणी दे." आकानेसी दारात उभी होती, हलली नाही.

"बूट काढ म्हणते ना तुला. मी सांगतेय."

तो नाही म्हणू शकत नव्हता, आणि हो म्हणणं शक्यच नव्हतं.  मग त्यानं एक गोष्ट केली. बाजूला ठेवलेला सदरा उचलला, डोक्यावरून घेतला आणि चेहरा आत घेऊन बसला, गळ्याचं भोक वर, रिकामं. आतून आवाज आला. "आकानेसी. माझी बहीण इथं नाहीये ना?"

 लोसालीने फळीवर गुडघे टेकून बसली. बहिणीनं भावापुढे असं बसायचं नसतं. "नाही," ती म्हणाली. "ती रस्त्यावर उभी आहे. मी दवाखान्यातली बाई."

सदऱ्याच्या आत श्वास ऐकू येत होता. "तिला आत येऊ देऊ नका."

"नाही देणार."

"मग बघा काय ते."

तिनं हातमोजे चढवले, बुटाची नाडी सोडली, तो दोन्ही हातांनी धरून ओढला नाही, उलगडला. मिठाचं पाणी ओतून मोजा भिजवला, भिजू दिला, मग सोलला. वास उठला तसा तिच्या घशात आंबट आलं, तोंड भरलं, ते तिनं गिळलं. करंगळीच्या जागी काळं, वाळल्या शेंगेसारखं काहीतरी होतं. बाजूच्या खड्ड्यात पांढरं हललं. ती त्या हलण्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला, ओठ मागे गेले, नाक आक्रसलं. आरशासमोर सरळ ठेवायला शिकलेला चेहरा सुटला आणि तिला अडवावंसं वाटलं नाही. सदऱ्याच्या आतून कुणी बघत नव्हतं. हात मात्र शिकवलं तसंच चालले होते, वरून खाली पाणी सोडत, पांढरं वाहून जाईपर्यंत. शेजाऱ्याच्या ट्रकच्या मागच्या बाजूला चटई घालून त्याला नेलं तेव्हाही त्यानं सदरा काढला नाही. रस्त्यावरचे लोक टोप्या काढून उभे राहिले. त्यांना वाटलं, प्रेत आहे.

दोन बोटं कापावी लागली. पाय राहिला. सिस्टर पाउलिनानं वर्गात तिचं कौतुक केलं आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. लोसालीनेला त्या टाळ्या अंगावर कुणी ओलं फडकं मारावं तशा लागल्या. सेमिसी घरी आल्यावर पट्टी बदलायला तीच जाऊ लागली. कुंपणाशी हाक न देता, मागनं, डुकरांच्या बाजूनं. सेमिसी पडवीत आडवा होऊन सदरा तोंडावर ओढून वाट बघत असायचा. ती त्याला तुम्ही म्हणायची. तो तिला बाई म्हणायचा. बोलणं एवढंच, पाय वर घ्या, झालं, पाण्यात घालू नका. आकानेसी गरम पाणी आणून ठेवायची आणि आत जायची. जाताना तिच्या तोंडावर बारीकसं हसू असायचं, आणि लोसालीने ते बघून न बघितल्यासारखं करायची.

एका दुपारी चिमट्यानं खालची जाळी उचलत असताना तो म्हणाला, "दवाखान्यातल्या बाई."

"हं."

"तुम्हाला घाण वाटत नाही?"

तिचा हात थांबला. वाऱ्यानं सदऱ्याचं कापड त्याच्या नाकावर चिकटलं होतं, त्याच्या नाकाचा, ओठांचा आकार दिसत होता. इतक्या जवळून तिनं तो किती वर्षांत पाहिला नव्हता.

"वाटते," ती म्हणाली.

"फार?"

"फार. पोटातलं वर येतं."

 मग सदरा हलायला लागला. आधी तिला वाटलं तो रडतोय. पण पोट हलत होतं, मांडी हलत होती, आणि आतून दबलेलं, फुटकं हसू येत होतं. "ती सिस्टर म्हणते, तिला काहीच वाटत नाही. चर्चचे लोक म्हणतात, त्यांना काहीच वाटत नाही. आकानेसीपण तेच म्हणते. मला वाटायला लागलं होतं, घाण एकट्या मलाच येतेय."

"हलू नका," ती म्हणाली. तिचं नाक आक्रसलेलं होतं, दात दिसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येऊन हनुवटीवरून त्याच्या उघड्या पायावर पडू नये म्हणून तिनं मान बाजूला केली. "हलू नका म्हणते ना. पाय धरू द्या."